हास्यक्लबाचा रक्तदाब

निवृत्त माणसाच्या हातात रक्तदाब मोजायचं यंत्र देऊ नये. त्यातून तो माणूस विमा कंपनीत जन्मभर आकडेमोड केलेला असेल, तर यंत्राबरोबर त्याला वही तर मुळीच देऊ नये. मला दोन्ही गोष्टी एकदमच मिळाल्या. यंत्र मुलानं वाढदिवसाला पाठवलं आणि वाणसामानाची निम्मी कोरी वही बायको रद्दीत टाकत होती, ती मी वरच्यावर झेलली. पुढं जे काही झालं त्याचा ठपका आमच्या घरात वहीवरच ठेवला जातो. यंत्रावर ठेवता येत नाही, कारण ते मुलानं दिलंय.

सुरुवातीला मी घरच्यांवर हात बसवला. बायकोचा रक्तदाब सकाळी मोजला, दुपारी मोजला, संध्याकाळी तिनं मोजू दिला नाही. "तुम्ही पट्टा घेऊन समोर आलात की वाढतोच तो, त्यात मोजायचं काय?" असं ती म्हणाली. यात संख्याशास्त्राच्या दृष्टीनं फार मोठं सत्य दडलेलं होतं, हे मला पुढं कळलं. तेव्हा मी एवढंच म्हणालो, "वरचा एकशे चोवीस, खालचा ब्याऐंशी." कामवाल्या मावशींनी दंड पुढं करायच्या आधी पगारवाढीचा विषय काढला. वॉचमननं दोन दिवस मोजू दिलं आणि मग तो मला बघून पंपाच्या खोलीत जाऊ लागला. नमुना कमी पडू लागला. संख्याशास्त्रात याला उपाय एकच, नमुना असेल तिथं आपण जायचं. मी हास्यक्लबात नाव घातलं.

हास्यक्लब ही चीज मुंबईतली. १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी तिथल्या एका बागेत पाच जणांना घेऊन ती सुरू केली. आधी ते एकमेकांना विनोद सांगून हसायचे. पंधरवड्यात विनोद संपले, तेव्हा त्यांनी विनोद काढून टाकला आणि हसणं तेवढं ठेवलं. पुण्यात ही कल्पना इतकी रुजली याचं मला नवल वाटत नाही. कारणाशिवाय हसायचं आणि तेही वेळेवर, शिस्तीत, रांगेत उभं राहून. हे पुणेकराला जमण्यासारखं आहे. आमच्या बागेत पहाटे सव्वासहाला दहाजण जमायचे. हो-हो, हा-हा, दोन टाळ्या. मग सिंहहास्य, मग मोबाइलहास्य, मग लस्सीहास्य. आमचे प्रमुख एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत त्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं म्हणतात, पण इथं सगळी थकबाकी ते व्याजासकट वसूल करत होते.

रोज शेवटी प्रमुख छोटं भाषण करत. "मंडळी, या हसण्यानं बीपी वीस पॉइंटनं उतरतं. शास्त्रानं सिद्ध झालंय." सगळे टाळ्या वाजवत. मी नवीन असल्यामुळं विचारलं, "कुठल्या शास्त्रानं?"

टाळ्या थांबल्या. प्रमुख माझ्याकडे बघून क्लबाच्या यादीत नसलेलं एक हास्य हसले. म्हणाले, "तुमच्याकडं यंत्र आहे ना? मग होऊन जाऊ दे."

मी रात्रभर बसून योजना आखली. प्रत्येकाचा रक्तदाब तीनदा मोजायचा. पहिल्यांदा बागेत आल्या आल्या, हसण्याआधी. दुसऱ्यांदा हसून झाल्याबरोबर. तिसऱ्यांदा अमृततुल्यमध्ये, चहा झाल्यावर. हा तिसरा टप्पा खरं म्हणजे शास्त्राची गरज म्हणून आलेला नव्हता. हसणं झालं की सगळे कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये जात आणि तिथं अर्धा-पाऊण तास हलत नसत, तर तिथंही मोजून घेऊ, एवढाच विचार. "हसण्याचा परिणाम टिकतो का, ते बघू," असं मी वहीत लिहिलं. वहीच्या त्याच पानावर वरती "हिंग संपला" असं होतं.

आता हे सांगायला सोपं वाटतं, पण बागेतल्या बाकावर दहा ज्येष्ठ नागरिकांचा रक्तदाब मोजणं म्हणजे काय, ते बघा. पहिल्या वहिनींनी स्वेटर, त्याखाली ब्लाउज, त्यावर शाल घेतलेली. दंड सापडेपर्यंत सूर्य वर आला. हेडमास्तर यंत्र चालू असताना मला शुद्धलेखन शिकवत होते, कारण वहीत मी "रक्तदाब" ऐवजी "रक्त दाब" असा तोडून लिहिला होता. एकाच्या दंडावर पट्टा फुगत असतानाच त्याच्या नातवाचा कुत्रा माझी पिशवी घेऊन पळाला. आणि फौजदारसाहेब पट्टा बांधून घेताना दुसऱ्या हातात मोबाइल धरून, गेटसमोर गाडी लावणाऱ्या कुणाला तरी नोकरीतल्या भाषेत समजावत होते. यंत्रानं तीनदा गुं-गुं केलं आणि आकडा दाखवला, १९४. साहेब फोन ठेवून म्हणाले, "बरोबर आहे. तो ऐकतच नव्हता."

क्लबात निवृत्त डॉक्टरीणबाई होत्या. त्या लांबून बघत होत्या. "अहो, मोजायच्या आधी माणसाला पाच मिनिटं गप्प बसवा," त्या म्हणाल्या. "पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर. आणि अर्धा तास आधी चहा नको, चालणं नको."

मी म्हणालो, "बाई, हे सगळं पाळलं तर हास्यक्लब बंद पडेल."

त्या म्हणाल्या, "मी तेच म्हणतेय," आणि मुकाट्यानं दंड पुढं केला.

दहा जणांचे तीस आकडे जमले. दहावा मीच. घरी येऊन सरासऱ्या काढल्या. हसण्याआधी १४२. हसल्यावर १४०. चहानंतर १३२.७. प्रमुखांचे वीस पॉइंट दोनवर आले होते, पण उतार होता. त्यांना फोन करायला मी हात उचलला आणि विमा कंपनीतली सवय आडवी आली. एक मोठा क्लेम काढून बघ, म्हणाली. फौजदारसाहेबांचे आकडे होते १९४, १७८ आणि १४२. त्यांना वगळून सरासरी काढली तर हसण्यानं उतरलेला रक्तदाब दोनावरून अर्ध्या पॉइंटच्या आत आला. मग प्रमुखांकडे बघितलं. ते हसण्याआधी १३६ होते, हसल्यावर ११८. सगळ्या क्लबात हसण्यानं खरोखर शांत झालेला माणूस एकटे प्रमुखच. त्यांनाही वगळलं, तर उरलेल्या आठ जणांचा रक्तदाब हसल्यावर पावणेदोन पॉइंटनं चढत होता.

म्हणजे फौजदारसाहेब घेतले तर हसणं औषध आणि प्रमुखांसकट ते काढले तर हसणं रोग. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा निकाल गेटसमोर गाडी लावणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या हातात गेला होता.

मी पुतणीला फोन लावला. ती संख्याशास्त्रात एम. एस्सी. करते आणि माझा फोन शक्यतो उचलते.

"काका, सरासरी कशाला काढलीस? दहाच माणसं, त्यातला एक डोंगराएवढा. यांचा आलेख काय घंटेसारखा येणारे का?"

"नाही येणार. म्हणून तर तुला विचारतोय. मी म्हणतो, दोन-दोन टप्प्यांच्या जोड्या लावून टी-टेस्ट करून टाकू. तीन जोड्या, तीन टेस्ट."

"म्हणजे प्रत्येक टेस्टला पाच टक्के चुकायची मुभा, आणि तू तिकीट तीनदा काढणार. तिन्ही मिळून कुठंतरी एकदा खोटी घंटा वाजायची शक्यता चौदा टक्क्यांच्या आसपास जाते. तू विम्यात होतास ना?"

मी विम्यात होतो. म्हणूनच मला चौदा टक्के वाईट वाटले नव्हते.

"फ्रीडमन टेस्ट कर," ती म्हणाली. "आकडे विसर. प्रत्येक माणसाला स्वतःशीच ताडून बघ. त्याच्या तीन मोजण्यांत सगळ्यांत कमी त्याला एक नंबर, मधल्याला दोन, जास्तीला तीन. मग टप्प्याटप्प्यानं नंबरांची बेरीज घे."

"आणि फौजदारसाहेब?"

"त्यांना तीन, दोन, एक. त्यांचं बीपी १९४ असो नाहीतर १९४०, नंबर तीनच."

फोन ठेवल्यावर मला या फ्रीडमनबद्दल विलक्षण आदर वाटू लागला. फौजदाराला रांगेत उभं करणारा माणूस मी प्रथमच बघत होतो. शाळेत पहिला नंबर आलेल्याला ९८ टक्के आहेत की ६१, हे प्रगतिपुस्तक लिहिणारा जसं विचारत नाही, तसं हे. माणूस माणसाशी ताडायचाच नाही. हेडमास्तरांचा १३८ आणि साहेबांचा १९४ यांची गाठच पडत नाही. प्रत्येकाची कुस्ती स्वतःच्याच दुसऱ्या मोजणीशी. आणि एखाद्याचे दोन आकडे सारखे आले, तर दोघांचे नंबर एकत्र करून निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे. इतका समंजस हिशोब मी भावांच्या वाटणीतसुद्धा पाहिलेला नाही.

हा फ्रीडमन म्हणजे मिल्टन फ्रीडमन. १९७६ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले, जगात जेवण फुकट मिळत नसतं हे लोकांना बजावून सांगणारे, तेच. पण ही टेस्ट त्यांनी काढली १९३७ साली, पंचविशीत. अमेरिकेत मंदीचा काळ होता आणि वॉशिंग्टनला सरकारी नोकरीत त्यांच्या वाट्याला लोकांच्या घरखर्चाच्या एका प्रचंड पाहणीचं काम आलेलं होतं. तीन किंवा अधिक गोष्टींची तुलना करायची पद्धत तोवर रोनाल्ड फिशर यांनी दिलेली होती. इंग्लंडात रॉथमस्टेडच्या शेतावर खतं आणि वाफे यांचा हिशोब लावताना त्यांनी ती घडवली. मात्र त्या पद्धतीची अट अशी, की आकड्यांनी घंटेच्या आकारात शिस्तीनं बसायचं. वाफे बसत असतील. घरखर्चाचे आकडे कधी कुणाच्या शिस्तीत बसले आहेत? फ्रीडमननी मग ती अटच टाळण्यासाठी नंबर वापरायची युक्ती काढली आणि लेखाच्या मथळ्यातच तसं स्पष्ट सांगून टाकलं. मोजण्या दोनच असतील, आधीची आणि नंतरची, तर फ्रँक विल्कॉक्सन यांची टेस्ट वापरतात. ते पेशानं रसायनशास्त्रज्ञ, आणि त्यांनी १९४५ साली आपलं म्हणणं अवघ्या चार पानांत मांडलं. मी विम्याच्या एका पॉलिसीच्या अटीसुद्धा चार पानांत बसवू शकलो नव्हतो.

हेच फ्रीडमन १९५५ साली भारत सरकारला सल्ला द्यायला दिल्लीत आले होते. तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. फ्रीडमननी नोव्हेंबरात टिपण लिहून दिलं, त्याचा मथितार्थ असा की लोकांना आपापलं करू द्या, सरकारनं हात आखडता घ्यावा. सरकारनं ते ठेवून घेतलं आणि दुसरी पंचवार्षिक योजना महालनोबिसांच्या आराखड्यानं, अवजड उद्योगांच्या वाटेनं नेली. महालनोबिस स्वतः मोठे संख्याशास्त्रज्ञ. म्हणजे आकडे जाणणाऱ्या दोघांनी दोन सल्ले दिले आणि सरकारनं त्यातला एक घेतला. हास्यक्लबानं माझा जो सल्ला पुढं घेतला नाही, त्याचं दुःख मी या माहितीवर भागवतो.

तर वाणसामानाच्या वहीत मी तक्ता आखला. डावीकडे माणसं, वरती तीन टप्पे. पाच जणांचे नंबर आले तीन, दोन, एक. म्हणजे आल्या आल्या सगळ्यांत जास्त, हसल्यावर मधला, चहानंतर सगळ्यांत कमी. तिघांचे आले दोन, तीन, एक. यांना हसणं चढलेलं होतं, चहा उतरलेला. प्रमुखांचे तीन, एक, दोन. आणि दहाव्या माणसाचे एक, दोन, तीन. आल्या आल्या १३०, हसल्यावर १३६, चहानंतर १४८. दहावा मी. प्रयोग ज्याचा त्यानं सगळ्यांचा चहा पाजायचा, असा नियम फौजदारसाहेबांनी अमृततुल्यमध्ये बसल्यावर जाहीर केला होता. खारी आणि क्रीमरोल धरून.

बेरजा आल्या २५, २२ आणि १३. तिन्ही मिळून ६०. तिन्ही टप्प्यांत काहीच फरक नसता तर प्रत्येकाच्या वाट्याला २०च्या आसपास यायला हवे होते. आता हे २५, २२, १३ म्हणजे नुसता योगायोग, की काही भानगड? त्याचं सूत्र भीती वाटावी असं आहे, पण करायला वाण्याच्या बिलापेक्षा सोपं. तिन्ही बेरजांचे वर्ग करा, ६२५, ४८४, १६९. त्यांची बेरीज १२७८. तिला १२ नं गुणा आणि माणसं, टप्पे आणि टप्प्यांत एक मिळवून येणारा आकडा यांच्या गुणाकारानं भागा. दहा गुणिले तीन गुणिले चार, १२०. आले १२७.८. त्यातून तीन गुणिले दहा गुणिले चार, म्हणजे १२० वजा. उत्तर ७.८.

पुतणीनं सांगितलं होतं की हे काय-स्क्वेअरच्या तक्त्यात बघायचं, दोन डिग्रीच्या ओळीत, आणि ५.९९ ओलांडलं तर फरक आहे म्हणायचं. ७.८! मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं, "ओलांडलं!"

ती म्हणाली, "काय, दूध?"

दुसऱ्या दिवशी हास्यक्लबात मी बाकावर उभं राहून निकाल जाहीर केला. "मंडळी, तीन टप्प्यांच्या रक्तदाबात फरक आहे. फ्रीडमन टेस्टनं सिद्ध झालंय. पी-व्हॅल्यू ०.०२."

प्रमुखांना गहिवरून आलं. त्यांनी सगळ्यांना दुप्पट सिंहहास्य करायला लावलं. "दोन टक्के म्हणजे काय, लक्षात घ्या," ते म्हणाले. "अठ्ठ्याण्णव टक्के लोकांना हसण्याचा फायदा होतो!" मी त्यांना सांगायला गेलो की अर्थ तसा नाही. टप्प्यांमध्ये मुळात काहीच फरक नसता, तरी नुसत्या योगायोगानं एवढी किंवा याहून मोठी तफावत दिसण्याची शक्यता शंभरात दोन, एवढंच ते म्हणतं. पण सिंह गर्जत असताना असलं बारीक बोलणं कुणाला ऐकू जाणार? मला शाल देण्यात आली. शाल वहिनींचीच होती, नंतर परत करायची होती.

आणि मग हेडमास्तरांनी हात वर केला. चाळीस वर्षं पोरांचे हात वर करून घेतलेला माणूस, तो स्वतः हात वर करतो तेव्हा समजावं.

"फरक आहे म्हणालात. कुठल्या दोन टप्प्यांत?"

मी म्हणालो, "कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे?"

फ्रीडमन टेस्टचा स्वभावच तसा आहे. घरात काहीतरी बिनसलंय एवढं ती सांगते, कुणाचं कुणाशी ते सांगत नाही. त्यासाठी जोडीजोडीनं पुन्हा चौकशी करावी लागते आणि त्या चौकशीची अट जरा कडक असते, तिकिटं तीन असतात म्हणून. मी तिथंच पुतणीला फोन लावला. ती म्हणाली, नेमेन्यीची पद्धत वापर, दहा माणसं आणि तीन टप्पे असले की दोन बेरजांत निदान साडेदहाचं अंतर हवं. हेडमास्तरांनी माझ्या हातातून वही घेतली आणि फळ्यासमोर उभं राहिल्यासारखे मोठ्यानं वाचू लागले.

"हसण्याआधी आणि हसल्यावर. पंचवीस वजा बावीस, तीन. साडेदहा झाले का?"

"नाही," सगळे एका सुरात म्हणाले.

"हसल्यावर आणि चहानंतर. बावीस वजा तेरा, नऊ. झाले का?"

"नाही."

"हसण्याआधी आणि चहानंतर. पंचवीस वजा तेरा, बारा."

बागेत शांतता पसरली. मग फौजदारसाहेब म्हणाले, "म्हणजे रक्तदाब चहानं उतरतो."

मी म्हणालो, "तसं नाही."

"बारा आहे ना? साडेदहाच्या वर आहे ना?"

"आहे, पण—"

"मग झालं तर. आरोपी कबूल आहे."

आता माझी बाजू ऐका, कारण तिथं कुणी ऐकली नाही. आल्या आल्या मोजला तेव्हा मंडळी घरापासून चालत, धापा टाकत आलेली. अमृततुल्यमध्ये मोजला तेव्हा अर्धा तास टेकून बसलेली. माणूस बसला की रक्तदाब उतरतो. शिवाय पहिली मोजणी बहुधा चढीच येते, पट्ट्याचीच धास्ती असते. मग उतरवलं कुणी? चहानं, बाकानं, की पट्ट्याची सवय झाली म्हणून? टेस्ट फरक दाखवते, कारण दाखवत नाही. कारण शोधायचं तर एक दिवस नुसतं हसायचं, एक दिवस नुसता चहा, एक दिवस नुसतं गप्प बसायचं, दर वेळी आधी तेवढीच विश्रांती, आणि कुणाला कुठल्या दिवशी काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. सगळ्यांनी आधी हसायचं आणि मगच चहा प्यायचा, हा क्रम ठरलेला असला की चहाचं श्रेय कुठं संपलं आणि बसण्याचं कुठं सुरू झालं, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पुतणीनं मला हे सगळं फोनवर सांगितलं. प्रयोगानंतर सांगितलं, ही तिची मोठी चूक.

मी हे बाकावर उभं राहून सांगत होतो तेव्हा बाकाभोवती फक्त डॉक्टरीणबाई उरल्या होत्या. बाकीचे कोपऱ्याकडे निघाले होते.

पुढच्या आठवड्यापासून सव्वासहाला बागेत प्रमुख एकटे हसू लागले. एकट्या माणसाचं सिंहहास्य पहाटेच्या वेळी फार निराळं वाटतं. वॉचमननं दोनदा येऊन चौकशी केली. बाकीचे आठ जण थेट अमृततुल्यमध्ये. मालकानं मला नमस्कार करून आतल्या बाजूला बसवलं. पितळेच्या पातेल्यातला पहिला चहा, खलबत्त्यात कुटलेलं आलं-वेलदोडं वर जास्त घालून, माझ्यापुढं आला. मागं भिंतीवर "उधारी बंद" या पाटीखाली नवीन पाटी होती: "आमच्या चहाने बी.पी. उतरते. शास्त्रीय पद्धतीने सिद्ध." खाली माझं नाव. विमा कंपनीत इतकी वर्षं काढून माझं नाव केबिनच्या दारावर कधी लागलं नव्हतं, ते इथं लागलं. मी पाटी काढायला सांगितली. आवाज मात्र जरा हळू निघाला, हे खरं.

पाटीची बातमी डॉक्टरीणबाईंकडून बायकोपर्यंत पोचली. "तुमचं एकट्याचंच तिथं १४८ झालं होतं ना? मग तुमच्या नावाची पाटी का?" तिनं विचारलं. याला संख्याशास्त्रात उत्तर आहे. दहातल्या आठांचा सगळ्यांत कमी आकडा चहानंतरचा होता, एका माणसाच्या उलट जाण्यानं निकाल फिरत नाही. मी तसं तिला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे जगाचं उतरलं आणि आपलं चढलं. हे नेहमीचंच आहे." आणि तिनं वही काढून घेतली. हिंगाचं पान तिला हवं होतं, असं कारण दिलं.

प्रमुख माझ्याशी बोलत नाहीत. रस्त्यात भेटले की मोबाइलहास्य करून पलीकडं जातात. मी निरोप पाठवला आहे की प्रयोग पुन्हा करू, नीट करू, चिठ्ठ्या टाकून करू. हसण्यालाही न्याय मिळायला हवा. हसण्यानं रक्तदाब उतरत नाही, असं माझ्या टेस्टनं म्हटलेलंच नाही; दहा माणसांत तसा पुरावा सापडला नाही, एवढंच म्हटलंय. पुरावा न सापडणं वेगळं आणि निर्दोष सुटणं वेगळं, हे फौजदारसाहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, नोकरीत त्यांना दोन्ही एकच वाटायचं.

वाचकहो, तुमच्याकडंही यंत्र असेल, कोरी वही असेल, आणि बागेत माणसं तर असतातच. एकाच माणसाच्या तीन किंवा जास्त मोजण्या ताडायच्या असतील, माणसं थोडी असतील आणि आकडे बेशिस्त असतील, तर फ्रीडमन खुशाल वापरा. दोनच मोजण्या असतील तर विल्कॉक्सन. फरक निघाला म्हणून बाकावर चढू नका, आधी जोड्या तपासा, आणि जोडी सापडली तरी कारण सापडलं असं समजू नका. मोजण्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. चहाचे पैसे कोण देणार हे प्रयोगाआधी कागदावर लिहून सह्या घ्या. आणि मोजायच्या आधी प्रत्येकाला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटं गप्प बसवा. हास्यक्लबात ही शेवटची अट पाळणारे दहाजण तुम्हाला सापडले, तर मला जरूर कळवा. नमुना असेल तिथं मी येईन.